बारा महिने पोपटी

धाकट्या बहिणीच्या खानावळीत मी त्या दिवशी जेवायला गेले होते, भांडायला नव्हे. पण दारातच नवा बोर्ड दिसला. पिवळ्यावर लाल अक्षरं : ‘पोपटी मिळेल. व्हेज, चिकन, पनीर. बारा महिने.’ जुलैचा पाऊस चालू होता, छत्रीचं पाणी पाठीवर गळत होतं, आणि मी त्या ‘बारा महिने’कडे बघत तशीच उभी राहिले. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती ओल्या चपलांतूनही जाते.

रायगडबाहेरच्यांसाठी सांगते. पोपटी ही थंडीतली गोष्ट. भात कापून झालं की आमच्याकडे त्याच जमिनीत वाल पेरतात. पौषात शेंगा भरल्या की मातीच्या मडक्यात तळाशी भांबुर्डीचा पाला घालायचा. भांबुर्डी म्हणजे बांधावर कुणी न लावता उगवणारं उग्र वासाचं झुडूप. त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, कुणाकडे मसाला चोळलेली कोंबडी, मीठ, ओवा, पुन्हा पाला, असं दाबून भरायचं. तोंडही पाल्यानेच बंद करायचं, मडकं शेतात उपडं घालायचं आणि भोवती पेंढा नि काटक्या रचून पेटवून द्यायचं. तेल नाही, पाण्याचा थेंब नाही. आतलं सगळं स्वतःच्या ओलाव्यावर आणि पाल्याच्या वासावर शिजतं. त्याला पोपटी म्हणतात. कुकरच्या शिट्ट्यांना म्हणत नाहीत.

पोलादपूरला आमचं औषधांचं दुकान आहे आणि लग्न होऊन आल्यापासून त्याचा गल्ला, कपाटं आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारी मीच सांभाळते. बाटलीवर एक नाव आणि आत दुसरंच काही, हा आमच्या धंद्यात गुन्हा आहे. ही सवय दुकान बंद केल्यावर सुटत नाही. स्वयंपाकघरातही मी तशीच वागते, आणि घरचे त्याबद्दल माझी यथेच्छ टिंगल करतात. मी कुणाकडे जेवायला गेले की जावा एकमेकींना खुणावतात, झाकणं लावा गं, तपासणी आली.

पण मी तरी काय करू? आमच्या बायकांच्या मोबाईलवरच्या ग्रुपवर रोज सकाळी एखाद्या जुन्या पदार्थाचा मुडदा पडलेला असतो. ‘झटपट आंबोळी, दहा मिनिटांत.’ पीठ आंबवलंच नाही तर आंबोळी कुठून होणार? ‘तव्यावरची पानगी’, आणि फोटोत पान कुठेच नाही. मिल्क पावडरचा खरवस तर आता लग्नातही वाढतात. गाय व्यायली नाही, चीक निघाला नाही आणि खरवस झाला. एकीने वांगं कुकरात उकडून त्यात चीज घातलं आणि खाली लिहिलं, ‘माझ्या पद्धतीचं भरीत’. मी तिला लिहिलं की बाई, वांगं भाजलं नाहीस तर ते भरीत नव्हे, वांग्याची पेज आहे. त्यावर चौघींनी हसरे चेहरे टाकले आणि तिने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. पदार्थ वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. खा, खुशाल खा. त्याला नवं नाव ठेवा, एवढंच म्हणते. बारसं करायला काय कुणी बंदी घातली आहे?

तर हे सगळं डोक्यात घेऊनच मी त्या बोर्डाखालून आत शिरले.

धाकटीची खानावळ महाडात एसटी स्टँडपासून थोडी आत आहे. भिंतीचा खालचा अर्धा भाग वेगळ्या रंगाचा आहे, कारण पुराचं पाणी तिथवर चढतं आणि तेवढाच रंग ती दरवेळी नव्याने काढते. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा बसल्याजागी गेला. माणूस धडधाकट होता, शिवथरला भावांबरोबर शेती करायचा, आणि पोपटी लावण्यात वस्ताद होता. थंडीत आमच्या माहेरीसुद्धा मडकं त्याच्यासाठी थांबवून ठेवायचे. तो गेल्यावर धाकटी शिवथर सोडून महाडात आली, एक गाळा घेतला आणि एकटीच्या जिवावर ही खानावळ उभी केली. तिला कुणापुढे हात पसरायचा नव्हता. ती चालवणं तिला किती जड जातं ते मला माहीत होतं, म्हणून खरं तर मी तोंड आवरायला हवं होतं. आवरलं नाही.

“ही काय भानगड गो?” मी विचारलं. बहिणीशी बोलताना माझी दुकानातली भाषा गळून पडते. “जुलैमधी तुला वाल कुठं गावले?”

“वाल नाय, मटार हायत. फ्रीजमधले,” ती भाकरी थापता थापता म्हणाली.

“आनि पाला?”

“ओवा घालते. कोथिंबीर घालते.”

“मडकं?”

“मडक्यातच वाढते की!” तिने मानेनेच समोरच्या टेबलाकडे दाखवलं. तिथे एसटीचे एक कंडक्टर जेवत होते, रोजचे. त्यांच्या पुढ्यात तळहाताएवढं सुबक मडकं होतं आणि त्यातून कुकरात शिजलेले बटाटे नि पनीर डोकावत होतं.

“चव मात्र झकास आहे हं ताई,” कंडक्टर म्हणाले. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी पुन्हा ताटात डोकं घातलं.

खरं सांगायचं तर चव झकासच असणार होती. धाकटीच्या हाताला चव आहे, तिने दगड शिजवला तरी लोक बोटं चाटतील. पण ती पोपटी नव्हती, आणि मी ते सगळ्या गिऱ्हाइकांसमोर, घोटभर पाणीही न पिता, सविस्तर सांगितलं. हायवेवरून गोव्याला जाणारे लोक इथे येतील, हे खातील आणि पोपटी म्हणजे हीच असं जन्मभर समजतील. उद्या खऱ्या पोपटीला तेच खोटी ठरवतील. धाकटी भाकरी थापत ऐकत होती. मग तिने भाकरी तव्यावर टाकली, हात पुसले आणि विचारलं, “ताई, तू कधी लावलीस?”

“काय?”

“पोपटी. सोत्ताच्या हातानं कधी लावलीस?”

आमच्या घरात मडकं लावायचं काम पुरुषांचं. बायका शेंगा निवडायच्या, बटाटे धुवायच्या, कोंबडीला मसाला चोळून द्यायच्या आणि टोपल्या बांधावर नेऊन ठेवायच्या. भरायचं, उपडं घालायचं, जाळ राखायचा, उतरवायचं, हे बाप्यांनी. आम्ही लांब घोंगडीवर बसून गप्पा हाणायच्या आणि समोर ओतली की खायची. पन्नाशी उलटलेली मी, पोपटीवर तासभर बोलू शकणारी, आयुष्यात एकदाही त्या मडक्याला हात लावला नव्हता.

“नाय लावली,” मी म्हटलं. “पन लावीन. वाल येऊ देत. खरी पोपटी करून तुझ्या पुढ्यात ठेवीन, मग हा बोर्ड उतरवायचा.”

“आनि गिऱ्हाईक? ते काय तू आनशील?” ती म्हणाली. “बोर्ड बघूनच गाड्या थांबतात, ताई. त्याच्याआधी दुपारची निम्मी भाजी मी गाईला घालत होते.”

ते मला लागलं. पण शब्द तोंडातून गेला होता आणि मी तो मागे घेणाऱ्यांतली नाही.

जुलैमध्ये बांधलेला चंग जानेवारीपर्यंत टिकवणं सोपं नसतं. गणपती आले, गेले, दिवाळी झाली, दुकानात तापाचे पेशंट वाढले आणि कमी झाले. नवऱ्याला वाटलं मी विसरले. मग एका सकाळी मी महाडच्या बाजारातून मोठं मडकं घेऊन आले तेव्हा त्याने चहाचा कप खाली ठेवला. तो वाईकडचा, पोपटीशी त्याचा संबंध फक्त खाण्याचा. “आणि पेटवणार कोण?” त्याने विचारलं. मी म्हटलं, मी. त्याने पुन्हा कप उचलला. एवढ्या वर्षांत तो तेवढं शिकला आहे.

शेत धाकटीच्या सासरचंच, शिवथरचं. वाल तिच्या दिरांनी लावला होता. ती मात्र यायला तयार होईना. “तू जा. दीर शेंगा काढून देतील,” एवढंच म्हणत राहिली. नवरा गेल्यापासून वालाच्या दिवसांत ती त्या शेताकडे फिरकली नव्हती, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, तू नाही आलीस तर मी जिंकले काय नि हरले काय, बघणार कोण? रविवारी दुपारची जेवणं उरकल्यावर तिने खानावळीला कुलूप लावलं आणि मुकाट्याने माझ्याबरोबर रिक्षात बसली.

शेतावर ती बांधावरच थांबली. मी पदर खोचला आणि कामाला लागले. शेंगा स्वच्छ धुतल्या, पाला धुतला, बटाटे घासले. मडक्यात थर लावत गेले, मीठ टाकलं, ओवा टाकला. सगळं अगदी शास्त्राप्रमाणे. मग शेवटचा पाला कोंबायच्या आधी माझा हात आपोआप तांब्याकडे गेला आणि मी आत पाण्याचा एक हबका मारला. करपू नये म्हणून. चाळीस वर्षं चुलीपुढे आणि गॅसपुढे उभ्या राहिलेल्या बाईचा हात कोरडं भांडं विस्तवावर ठेवूच शकत नाही. माझं तिकडे लक्षही नव्हतं. ज्या पोपटीत पाण्याचा थेंब नसतो म्हणून मी जगाशी भांडत होते, तिच्यात मीच तांब्यातलं पाणी ओतलं.

मडकं उपडं घातल्याबरोबर ते पाणी तोंडाशी उतरलं आणि पाल्यातून झिरपायला लागलं. पेंढा भडभडून पेटला, मग खालून चुरचुरायला लागला. धूर झाला. मी पुन्हा पेटवला. पुन्हा धूर. डोळे चोळत, फुंकत, शिव्या घालत मी कसाबसा तो जाळ चालू ठेवला, आणि शेवटी धीर सुटून मडकं उतरवलं. केळीच्या पानावर ओतलं तेव्हा एका बाजूच्या शेंगा कच्च्या होत्या आणि दुसऱ्या बाजूच्या मऊ, गिळगिळीत, पाणी सुटलेल्या. भाजल्याचा वास कुठेच नव्हता.

धाकटी बांधावरून खाली आली. तिने एक शेंग तोंडात टाकली, चघळली आणि माझ्याकडे पाहिलं.

“ताई,” ती म्हणाली, “ही तर माझीच पोपटी गो!”

आणि ती हसायला लागली. पोट धरून हसली. मीही हसले, दुसरं काय करणार? चेहऱ्यावर काजळी, पदराला भोक पडलेलं, आणि पुढ्यात कुकरातल्यासारखे उकडलेले वाल. हसता हसता ती पानाशेजारी खाली बसली आणि मग तिचं हसू कधी संपलं ते मला कळलं नाही. ती रडत होती.

“तुला काय वाटतं,” ती म्हणाली, “मला म्हायती नाय ती खोटी हाय ते? त्यांनी लावलेली मी खाल्लीय. माझ्यापेक्षा जास्त कुनाला म्हायती असनार?”

मी पानावरच्या शेंगा बाजूला सारल्या आणि तिच्या शेजारी बसले.

“ते गेले आनि सगळ्यांनी त्यांचं नाव काढायचं सोडलं. दीर काढत नायत, सासू काढत नाय. तू पन नाय काढत. मला वाईट वाटंल म्हनून. खानावळीत दिवसातून किती वेळा कोन ना कोन येतं आनि बोलतं, पोपटी द्या. तेवढंच कानाला बरं वाटतं. म्हनून बारा मयने लिवलं.”

मला रडू आलं आणि भयंकर रागही आला. आम्ही सगळ्यांनी मिळून तिच्याभोवती जी समजूतदार शांतता उभी केली होती, तिचा राग. मेलेल्या माणसाबद्दल बोललं की जखमेवरची खपली निघते असं धरून आम्ही तिला चार वर्षं खपलीसकट एकटीलाच बसवलं होतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, तो मडकं भरताना काय करायचा ते सांग. मला आठवत नाही. तू तर बघत होतीस.

तिने नाक पुसलं. मग हळूहळू सांगायला लागली. शेंगा धुतल्या तरी तो त्या उन्हात पसरून कोरड्या ठकठकीत करायचा. पाला मुठीने नव्हे, कोपराने दाबायचा. मीठ थोडं जास्तच घालायचा, कारण अर्धं पाल्याला जातं म्हणायचा. जाळ चालू असताना कुणी जवळ आलं की खेकसायचा. बोलता बोलता तिचा आवाज मोकळा झाला. एकदा त्याने गावच्या पाहुण्यांसमोर मडकं लाथेने आडवं केलं नि पायाची करंगळी भाजून घेतली, ते सांगताना ती पुन्हा हसली. त्या तिन्हीसांजेला मी जेवढं तिच्या नवऱ्याबद्दल ऐकलं तेवढं तो जिवंत असतानाही ऐकलं नव्हतं.

उठताना मी म्हटलं, “नीट येईपर्यंत लावायची. वाल संपेपर्यंत दर रविवारी. पन मडकं तू भरायचंस.”

“भरते,” ती म्हणाली. “तू फक्त पान्याचा तांब्या घरी ठेवून ये.”

पुढच्या रविवारी ती करपली. तळाची अंडी काळी पडली आणि आम्ही दोघी एकमेकींवर खापर फोडत बसलो. त्याच्या पुढच्या वेळी जाळ छान लागला, पण मीच घाई करून लवकर उतरवली. दीर बांधावर उभे राहून गालात हसत होते. त्यांना मी हातातली काटकी दाखवली आणि म्हटलं, हसायचं असेल तर घरी जाऊन हसा. ते घरी गेले नाहीत, पण मध्येही पडले नाहीत. धाकटीने त्यांना सांगून ठेवलं होतं की हात लावायचा नाही.

मग एका रविवारी तिने मडकं भरलं आणि जाळ बराच वेळ पेटल्यावर मी उठायला लागले तर तिने माझं मनगट धरलं. “थांब.” तिने ओंजळीत पाणी घेतलं आणि मडक्यावर चार थेंब उडवले. थेंब चर्र करून जागच्या जागी उडून गेले. “ते असं बघायचे,” ती म्हणाली. एवढा वेळ ती हे विसरली होती, आणि हातात पाणी घेतल्यावर आठवलं. आम्ही मडकं उतरवलं. पाला बाजूला केला आणि जो वास आला, त्याने दीर, सासू, शेजारच्या शेतातले दोघे-तिघे असे सगळे गोळा झाले. शेंगांची सालं जागोजागी काळवंडलेली, दाणे कोरडे आणि पिठूळ, भांबुर्डीचा कडवटपणा अगदी पाठीमागे. सासूबाईंनी पहिला दाणा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, “माझ्या लेकासारखी झालीय.” चार वर्षांत पहिल्यांदा त्या घरात त्याचा उल्लेख कुणी मोठ्याने केला असेल. धाकटी म्हणाली, “व्हय आये, तशीच झालीय.” आणि त्यांच्या पुढ्यात आणखी शेंगा सरकवल्या.

परतताना रिक्षात मीच विषय काढला. मी म्हटलं, बोर्ड राहू दे गो. तो कशासाठी आहे ते मला कळलं, आणि मी पुन्हा त्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही. माझ्यासारखीने एवढं म्हणणं म्हणजे काय ते तिला माहीत होतं. तिने बाहेर बघत फक्त मान हलवली.

पण दुसऱ्या दिवशी दुकानाच्या मालासाठी मी महाडात गेले, तेव्हा ती स्टुलावर चढून पिवळा रंग लावत होती. ‘पोपटी’ गेली होती, ‘बारा महिने’ गेलं होतं. त्या जागी तिने स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, ‘मडक्यातले मटार-बटाटे’.

“अगो, आनि गिऱ्हाईक?” मीच घाबरून विचारलं.

“बघू,” ती म्हणाली. “भाजी मला करता येते. ती चांगली असंल तर येतील. नायतर गाय हाय.”

त्या दुपारी मी तिथेच थांबले, जीव मुठीत धरून. एक मुंबईची गाडी दारात थांबली, आतल्यांनी बोर्ड वाचला आणि गाडी पुढे गेली. थोड्या वेळाने दुसरीही गेली. धाकटी भाकऱ्या थापत राहिली. मला वाटलं, माझ्या आगाऊपणाने हिचं नुकसान झालं, आता रंगाचा डबा मागून मीच जुनी अक्षरं परत काढावीत. मी तसं म्हणणार तेवढ्यात ते रोजचे कंडक्टर आले, हात धुऊन आपल्या टेबलावर बसले आणि म्हणाले, “एक पोपटी द्या.”

“पोपटी नाय,” धाकटी म्हणाली. “मटार-बटाटे हायत. तेच, तुम्ही रोज खाता ते.”

“मग पोपटी?”

“ती शेतावर असते. वाल हायत तवर. रविवारी सुट्टी असली तर शिवथरला या.”

“येतो की,” ते म्हणाले. “कोण लावतं तिकडे?”

मी हातातला पेला खाली ठेवला. धाकटीने तव्यावरची भाकरी उलटली, ती फुगेपर्यंत थांबली, मग मागे वळली आणि साऱ्या खानावळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“आमचे मालक लावायचे. आता मी लावते.”